हाय म्हणजे होय नव्हे

शर्मिला जपानहून परत आली, तेव्हा मालवणच्या दांडी किनाऱ्यावरच्या बायकांना तिथल्या उंच इमारतींचं काही पडलेलं नव्हतं. त्यांना वेगळंच कोडं होतं. "त्यांचा बोलणा तुका समजता कसा गो?" जी भेटेल ती हेच विचारी.

शर्मिला हसून सांगायची, "ती आपल्यासारखीच बोलतत. आपण म्हणतो, मी बांगडो खातंय. ते पण आधी मी, मगे बांगडो, मगे खाणा. इंग्रजी माणूस मात्र आधी खाता आणि मागसून बांगडो दाखयता!"

बायका खो खो हसत. पण तिला ते खरंच तसं वाटलं होतं. चार वर्षं ती तिकडच्या एका छोट्या बंदराच्या गावी वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची सेवा करत होती. गेली तेव्हा भाषेची धास्ती होती, कारण इंग्रजीने तिला कॉलेजात रडवलं होतं. जपानीने तसं रडवलं नाही. क्रियापद शेवटी, शब्दाला प्रत्यय मागून, आणि प्रश्न विचारायचा तर वाक्याच्या टोकाला ‘का’ चिकटवायचा, दांडीवर नाही का "येतस काय?" म्हणत? ‘मी’, ‘तू’ तर ती माणसं सहसा उच्चारतच नाहीत. "जेवलंस?" "जेवलंय." कोण जेवलं ते दोघांना ठाऊक असतं.

तिला अडवलं ते व्याकरणाने नाही. एक हारुए नावाची आजी होती. शर्मिला विचारायची, "चहा ओतू?" आजी म्हणायची, "केक्को देस." मोबाइलमधल्या इंग्रजी शब्दकोशात त्याचा अर्थ निघाला ‘उत्तम’. शर्मिला ओतत राहिली, आजी बिचारी पीत राहिली. शेवटी तिथल्या एका नर्सने पोट धरून हसत सांगितलं, "अगं, ती ‘पुरे’ म्हणतेय!" त्या दिवसापासून शर्मिला शब्दाआधी माणसाचा चेहरा बघायला शिकली. जपानी माणूस सहसा ‘नाही’ म्हणत नाही. तो ‘चोत्तो’ म्हणतो, म्हणजे ‘जरासं’, आणि वाक्य अर्धवट सोडून देतो. सोडलेल्या त्या अर्ध्यातच नकार असतो.

परत आल्यावर हे ज्ञान घरात बसून वाया जाणार, असंच तिला वाटत होतं. आई प्रेमलता मासे विकायची. तिच्यासोबत टोपली उचलायला शर्मिला मोकळीच होती. तेवढ्यात स्वप्ना आली.

स्वप्ना तिची कॉलेजातली मैत्रीण. नांदगावकडची, काजूबागायतदार शेतकऱ्याची मुलगी, इंग्रजीत पटाईत. शर्मिला इंग्रजीत दोनदा गचकली, तेव्हा रोज दुपारी कणकवलीच्या एसटी स्टँडवर बाकावर बसून स्वप्नाने तिच्याकडून धडे घटवून घेतले होते. पास झाल्यावर शर्मिलापेक्षा स्वप्नाच जास्त नाचली होती. लग्नानंतर ती कणकवलीतच इंग्रजीचा क्लास चालवत होती, आणि आता म्हणत होती, "मी इंग्लिश, तू जपानी. आपल्या पोरींका आपणच पाठवूया. मुंबैच्या एजंटांची दाढी कित्याक धरूची?"

शर्मिलाला दुसऱ्यांदा विचारावं लागलं नाही.

क्लास छान चालला. बाजारपेठेतली वरच्या मजल्यावरची खोली, एका भिंतीला इंग्रजी फळा, समोरच्या भिंतीला जपानी. पोरी तासातासाला बाकांची तोंडं फिरवायच्या. कधी दोघी एकदमच खोलीत असल्या की गंमत व्हायची. एकदा स्वप्नाने इंग्रजीत एका मुलीला विचारलं, "तुला मासे आवडत नाहीत का?" मुलगी म्हणाली, "येस." नाही आवडत, असं तिला म्हणायचं होतं. स्वप्नाने कपाळाला हात लावला. "नो म्हणायचं! आवडत नसेल तर नो!" पलीकडून शर्मिला म्हणाली, "जपानीत तिचाच बरोबर. तू विचारलंस ता बरोबर आसा, म्हणून ‘हाय’." स्वप्ना म्हणाली, "मगे जपानी लोकांक इंग्लिश येणा नाय ह्यात काय नवल!" सगळा वर्ग हसत सुटला, आणि या दोघीही.

त्या मुलींना शर्मिलाने अगदी पहिल्या दिवशी शिकवलं होतं ते हेच ‘हाय’. "त्याचा अर्थ होय असा घोकू नका," ती म्हणाली होती. "शेजारीण सासूची गाऱ्हाणी सांगते तेव्हा आपण हां, हां करतो. म्हणजे आपलीही सासू वाईट आहे असं कबूल केलं का? नाही. ऐकतेय, एवढंच. हाय म्हणजे ऐकतेय." मुली तिला सेन्सेई म्हणत. बाई नाही, मॅडम नाही, सेन्सेई. तो शब्द ऐकताना तिला दरवेळी जरा ताठ उभं राहावंसं वाटे.

पावसाळ्यात पहिली संधी आली. एका जपानी वृद्धाश्रमाला मुली हव्या होत्या. मध्यस्थ कंपनीशी स्वप्नाचा इंग्रजीतून पत्रव्यवहार झाला आणि मुलाखत ठरली. लॅपटॉपच्या पडद्यावर आश्रमाचे संचालक कुरिहारा बसले होते. मुलींनी आपापली ओळख करून दिली. त्यांत दांडीवरचीच प्राजक्ताही होती. शर्मिलाच्या आईशेजारी मासळी बाजारात बसणाऱ्या राधाबाईची मुलगी. मुली बाहेर गेल्यावर कुरिहारा हळू आवाजात बोलू लागले. मुली फार उत्साही आहेत. तयारी चांगली आहे. फक्त, यंदा, चोत्तो... एवढं म्हणून त्यांनी दातांतून श्वास आत ओढला आणि मान जराशी कलती केली. मग म्हणाले, विचार करून पाहतो. शर्मिला मधेमधे "हाय, हाय" करत राहिली आणि शेवटी वाकून आभार मानून मोकळी झाली. स्वप्नाने ते सगळं रेकॉर्ड केलं होतं. सरावाच्या मुलाखतीही ती रेकॉर्ड करायची, मुलींना चुका दाखवायला.

पडदा बंद झाल्यावर स्वप्नाने विचारलं, "झाला मां?"

"नाय गो," शर्मिला म्हणाली. "ते नाय म्हणाले."

"खंय नाय म्हणाले? पोरी बऱ्या आसत म्हणाले, इतक्या माका पण समाजला."

"पुढे चोत्तो म्हणाले. विचार करतो म्हणाले. त्याचो अर्थ नाय."

"विचार करतो म्हणजे विचार करतो, शर्मिले. नाय म्हणूचा आसता तर नाय म्हणाले नसते? सरळ माणसा ती."

"ती अशीच नाय म्हणतत. माझ्यार विश्वास ठेव. पोरींका आजच सांगून टाकूया."

स्वप्नाने लॅपटॉप मिटला. मग म्हणाली, "थांब. मी इंग्लिशमधून मेल करून विचारतंय. इंग्लिशमध्ये आडपडदो नसता. तोपर्यंत कोणाक काय सांगा नको."

शर्मिलाला ते पटलं. दुसऱ्याच दिवशी ती आईला घेऊन गोव्याला गेली, कारण प्रेमलताच्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं होतं. नारळी पौर्णिमेच्या आधी परतली, तर क्लासच्या दारावर मुलींच्या फोटोंचा फलक आणि आत पेढ्याचे रिकामे बॉक्स.

"मेल इलो!" स्वप्नाने तिला मिठीच मारली. "सगळ्यो पोरी घेतल्यानी. एप्रिलात जाणा. तुझा चोत्तो खोटा ठरला गो!"

शर्मिला क्षणभर चपापली. पण आपण चुकलो याचाच तिला इतका आनंद झाला, की मेल दाखव असं म्हणायचं तिच्या मनातही आलं नाही. मैत्रिणीला कोण म्हणतं, पुरावा दाखव? उलट तिला वाटलं, चार वर्षांत आपल्याला वाटलं होतं तेवढी काही ती माणसं कळली नव्हती.

प्राजक्ताने कणकवलीच्या नर्सिंग कॉलेजातली मिळालेली जागा सोडून दिली. नांदगावच्या गणपतच्या मुलीचं जमलेलं लग्न पुढे ढकललं. मुलींचे पासपोर्ट स्वप्नाच्या कपाटात जमा झाले. शर्मिला अख्खा हिवाळा त्यांना शिकवत राहिली: म्हाताऱ्याला कुशीवर कसं वळवायचं, वळवण्याआधी कोणत्या शब्दांत विचारायचं, आणि ‘पुरे’ कसं ओळखायचं.

माघ सरला तरी जपानहून कागद येईनात. मधल्या कंपनीतून उत्तर यायला वेळ लागतो, स्वप्ना म्हणायची. शिमगा तोंडावर आला तेव्हा मात्र शर्मिलाला राहवेना. तिने वृद्धाश्रमाचा नंबर शोधला आणि सकाळी घरामागच्या माडांखाली उभं राहून स्वतःच फोन लावला.

कुरिहारांना ती लगेच आठवली. तिने एप्रिलचं विचारलं.

"शर्मिलासान," ते अतिशय संकोचून म्हणाले, "त्या दिवशी आपलं बोलणं झालं होतं ना. तुम्हाला समजलं असं मला वाटलं. तुम्ही आमच्याकडची भाषा इतकी छान जाणता."

"हो, समजलं होतं," ती म्हणाली. "पण नंतर तुमच्याकडून होकाराचा मेल आला ना?"

"आमच्याकडून? नाही. काहीच नाही." जपानी माणसाच्या तोंडून इतकं सरळ ‘नाही’ तिने क्वचितच ऐकलं होतं. मग ते माफी मागत राहिले, त्यांचा काही दोष नसताना.

फोन ठेवून ती तशीच निघाली. मालवण ते कणकवली एसटीत ती उभ्यानेच गेली, जागा रिकामी असून.

स्वप्ना एकटीच होती. शर्मिलाने सांगितलेलं तिने शांतपणे ऐकलं, दार लोटून घेतलं आणि खुर्चीत बसली.

"मेल इलो नव्हतो?" शर्मिलाने विचारलं.

"माका वाटला होता, येतलो."

"तू माका इलो म्हणून सांगलंस."

"शर्मिले, हळू बोल. तेव्हा पोरी सोडून जायत होत्यो. मी म्हटलंय, एक बॅच ठरली असा सांगूया, मगे ती खरीच ठरवूया. दुसरे कितके आश्रम आसत. नाय जमला." तिने शर्मिलाचा हात धरला. "आयतवारी पालकांक बोलावलंय. आपण दोघी मिळून सांगूया. तू फक्त माझ्या बाजूक उभी रव."

शर्मिलाने हात काढून घेतला नाही. राग होता, पण स्टँडवरचा तो बाकही आठवत होता. ती एवढंच म्हणाली, "खरा सांगूचा. सगळा."

"सगळा," स्वप्ना म्हणाली.

रविवारी खोली गच्च भरली. आयबाप, काके, कोणाची आजी. मुली मागच्या भिंतीला टेकून उभ्या. स्वप्ना पुढे आली आणि शुद्ध पुस्तकी मराठीत बोलू लागली, कचेरीत बोलतात तशी. झाल्या प्रकाराचं तिला अतोनात दुःख होतं. ती स्वतः फसली होती. "मला जपानी येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. त्या बाजूचं सगळं शर्मिला पाहायची. मुलाखत झाल्यावर तिने मला सांगितलं की काम झालं. मी तिच्या शब्दावर विसंबले."

शर्मिला तिच्या बाजूला उभी होती, ठरल्याप्रमाणे. आपण काय ऐकलं ते तिला चटकन उमगलंच नाही.

"तुम्हीच ऐका," स्वप्ना म्हणाली आणि तिने रेकॉर्डिंग लावलं. फक्त शेवटचा भाग. कुरिहारांचा हळू आवाज, आणि त्यावर शर्मिलाचा स्पष्ट, हसरा आवाज: हाय. हाय. हाय. शेवटी आभार.

खोलीत कुजबुज उठली. गणपत उठून उभा राहिला. "हाय म्हणजे होय, इतक्या आमका पण समाजता, पिक्चरात बघतो आमी. होय होय करून दात काढलेस आणि आता म्हणतस नाय झाला?"

"हाय म्हणजे होय नव्हे," शर्मिला म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "म्हणजे... तो अर्थ असतो, पण इथे नाही. इथे मी ऐकत होते. ते चोत्तो म्हणाले, आणि चोत्तो म्हणजे जरासं, पण वाक्य पुरं केलं नाही, म्हणून..."

"जरासा म्हणजे नाय?" कुणीतरी हसलं.

"तिका मी त्याच दिवशी सांगलंय! नाय म्हणाले म्हणून सांगलंय! विचारा तिका!" शर्मिला ओरडली.

सगळ्यांनी स्वप्नाकडे पाहिलं. स्वप्नाने डोळे पुसले आणि हळूच मान हलवली. "असं काही ती मला बोलली नाही."

तेव्हा राधाबाई पुढे आली. तिने शर्मिलाला लहानपणी कडेवर खेळवलं होतं. "शर्मिला, खरा काय ता बोल गो. माझ्या चेडवान नर्सची जागा सोडली."

शर्मिलाने मागच्या भिंतीकडे बघितलं. हाय म्हणजे ऐकतेय. हा त्यांच्या पहिल्या दिवसाचा पहिला धडा होता. एकीने जरी तोंड उघडलं असतं तरी पुरे होतं. ‘सेन्सेईन आमका तसाच शिकवल्यान’ एवढंच. पण एकजात सगळ्या खाली बघत होत्या. प्राजक्ता ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती.

शर्मिला चपला घालून जिना उतरली. कोणी तिला अडवलंही नाही.

घरी आई निवडलेली सुकी मासळी डब्यात भरत होती. सगळं ऐकून तिने एकच विचारलं, "तू तिका सांगलंलंस मां?"

"सांगलंलंय, आये."

"मगे बस," प्रेमलता म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी मासळी बाजारात राधाबाईने आपली टोपली उचलून पलीकडच्या रांगेत नेली. वर्षानुवर्षं मांडीला मांडी लावून बसणाऱ्या दोघी. आता गिऱ्हाइकाच्या पाठीआड तोंड लपवू लागल्या. शर्मिला आईसोबत टोपली घेऊन बसली की बायका आवाज खाली करत. परत आल्यापासून त्या तिला ‘जपानवाली’ म्हणत; शब्द तोच राहिला, पण म्हणायची तऱ्हा बदलली.

त्या दिवसांत ती एका गोष्टीवर तग धरून होती. मुलींना कळलं नसेल, असं ती स्वतःला समजावी. रेकॉर्डिंगचा आवाज अस्पष्ट होता. कुरिहारा फार हळू बोलतात. पोरी घाबरलेल्या. आपल्याच शिकवण्यात कमी राहिली असेल.

पाऊस संपताना प्राजक्ता घरी आली. ओट्याच्या पायरीवर बसली आणि बराच वेळ नखं कुरतडत राहिली.

"ताय," ती शेवटी म्हणाली. वर्गात ती सेन्सेई म्हणायची. "त्या आयतवारी माका समाजला होता. आमका सगळ्यांक समाजला होता. ते नाय म्हणतत, ता आवाजावरसूनच कळत होता."

शर्मिलाने सूप खाली ठेवलं.

"स्वप्ना मॅडम आदल्या दिवशी आमका बोललेली. दुसऱ्या आश्रमात पाठयतंय, पण उद्या कोणी मधे बोलाचा नाय. पासपोर्ट तिच्याकडे होते. आमका वाटला, तू काय, तू मोठी आसस, तू निभावशीत."

"पाठयल्यान?"

"नाय."

प्राजक्ता रडू लागली. शर्मिलाला तिला जवळ घ्यावंसं वाटलं नाही. आत कुठेतरी जे एवढे दिवस जपून ठेवलं होतं, तेही या पोरीने नेलं होतं. मुली कच्च्या राहिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या पक्क्या तयार झाल्या होत्या. तिने शिकवलेलं एकेक त्यांना येत होतं, आणि ते येत असूनच त्या गप्प बसल्या होत्या.

"कित्याक इलंस?" तिने विचारलं.

"डिसेंबरात परीक्षा आसा जपानीची. दुसऱ्या कोणाकडे शिकाक जमणा नाय."

शर्मिला उठून आत गेली. प्राजक्ताला वाटलं, झालं, संपलं. थोड्या वेळाने ती बाहेर आली आणि उंबऱ्यातूनच म्हणाली, "सोमवारी ये. वेळेवर. आणि तुझ्या आवशीक सांग, माका काय सांगलंस ता."

प्राजक्ताने सांगितलं की नाही, हे शर्मिलाने कधी विचारलं नाही. राधाबाईची टोपली परत जुन्या जागी आली, पण दोघी म्हाताऱ्यांचं बोलणं पहिल्यासारखं झालं नाही. प्राजक्ता परीक्षा पास झाली. तिच्यामागून आणखी दोघी-तिघी ओट्यावर शिकायला येऊ लागल्या. शर्मिला त्यांना मन लावून शिकवी, मात्र कोणी सेन्सेई म्हटलं की सांगे, "ताय म्हणा."

स्वप्नाचा इंग्रजीचा क्लास जोरात चालूच होता. समोरच्या भिंतीवरचा फळा तेवढा काढला होता, असं कोणीतरी सांगितलं.

एकदा कणकवलीला जाताना चौके गावाच्या थांब्यावर स्वप्ना एसटीत चढली. गाडीत जागा एकच होती, शर्मिलाशेजारची. ती क्षणभर थबकली आणि बसली. काजूच्या बागा मागे पडत होत्या. कट्टा गाव आलं.

"अजून रागान आसस?" स्वप्नाने खिडकीकडे बघत विचारलं. उत्तराची वाट न बघता तीच पुढे बोलत सुटली. "माझा चुकला, मी नाय म्हणणा नाय. पण तू पण समजून घे. मी इतकी वर्षां इंग्लिश शिकयतंय. इंग्लिशमध्ये माणूस विचार करतो म्हणालो की आशा रवता. मी ती आशा धरलंय. तुझी भाषा वेगळी, माझी भाषा वेगळी, त्यातना ह्या सगळा झाला."

शर्मिलाने पहिल्यांदाच तिच्याकडे तोंड वळवलं.

"मेल इलो, ता तू माका खंयच्या भाषेत सांगलंस?" तिने विचारलं. "इंग्लिशमध्ये? जपानीत?"

स्वप्नाने पर्स मांडीवर ओढून घेतली.

"आणि आयतवारी ‘सगळा खरा सांगूया’ म्हणालंस, ता?"

पुढच्या सीटवरच्या बाईने मागे वळून पाहिलं. स्वप्ना मांडीवरच्या पर्सचा बंद लावत, उघडत राहिली. कसाल आलं तशी ती घाईने उठली. "हय जरा काम आसा," असं पुटपुटत माणसांतून वाट काढत उतरली. स्वप्नाने तिकीट काढलं ते शर्मिलाने ऐकलं होतं. तिनेही कणकवलीचंच काढलं होतं.

गाडी सुटली. शर्मिलाला बरं वाटलं नाही, जिंकल्यासारखं तर मुळीच नाही. कणकवलीला उतरून तिने बाजारपेठेतून एक पांढरा फळा घेतला, मध्यम आकाराचा, ओट्याच्या भिंतीला बसेल एवढा. परतीच्या गाडीत कंडक्टर कुरकुरला, "ह्या खंय ठेवतलंस गो? वाट अडता." तिने फळा आडवा करून सीटला टेकवला, एका हाताने तो धरला, दुसऱ्याने वरचा दांडा, आणि मालवणपर्यंत तशीच उभी राहिली.